आत्याचा शनिवार

आमच्या दुकानाच्या पाटीवर मंडप आहे, खुर्च्या आहेत, भांडी आहेत, लायटिंग आहे, आणि सगळ्यात खाली, पेंटरला जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरांत, 'इतर सुविधा' असं लिहिलेलं आहे. इतर सुविधा म्हणजे संडास. निळे, प्लास्टिकचे, टेम्पोत घालून हवे तिथं नेता येतात असे. घर मुख्यतः त्यांच्यावर चालतं, पण तो शब्द पाटीवर लिहायला वडील तयार झाले नाहीत, आणि त्यांच्यामागं मीही झालो नाही. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की मी 'डेकोरेशनमध्ये' असतो. शेडच्या मागच्या बाजूला रांगेनं उभ्या असलेल्या निळ्या पेट्यांकडं पाहुण्यांची नजर गेली, तर आमची ही चहा जरा लवकर आणते.

फिरत्या संडासाचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर मावळाचं पहिलं प्रकरण दोन ओळींत संपेल. आमच्याकडं संडास फिरत नव्हता, कारण तो नव्हताच. फिरायचं ते माणसानं, हातात टमरेल घेऊन, उजाडायच्या आत. पुढचं प्रकरण मात्र आमच्या घरातलं आहे. लोणावळ्याच्या बंगल्यांत मुंबईच्या लोकांची लग्नं व्हायला लागली आणि वडील मांडव घालायला जायला लागले. एका बंगल्याच्या मालकिणीनं विचारलं, बायकांची काय सोय? वडिलांनी आंब्याच्या झाडामागं खड्डा खणला, दोन फळ्या टाकल्या, भोवती कनात बांधली आणि सांगितलं, "आडोसा केलाय." हे आमचं पहिलं मॉडेल. लाल-पिवळी फुलं असलेली ती कनात खरं तर मांडवासाठी शिवलेली होती. वाऱ्यावर इतकी सुंदर फुगायची की दोनदा लोक तिच्यासमोर फोटो काढायला उभे राहिले.

मग पत्र्याचा आला. देहूरोडच्या एका वेल्डरनं भंगारातल्या पत्र्याचा करून दिला, खाली चाकं लावून. उन्हाळ्यात आत बसलेला माणूस भाजून निघायचा. खंडाळ्याच्या एका लग्नात चाकाखालचा दगड निसटला आणि नवऱ्याचा मामा आत असताना गाडा उताराला लागला. फार नाही, फणसाच्या झाडापर्यंत. मामा बाहेर आले, फेटा नीट केला आणि कुणाशी एक शब्द न बोलता पंगतीत जाऊन बसले. त्यानंतर फायबरचे आले, खाली टाकी असलेले, निळं औषध टाकायचे. आता तर वातानुकूलित गाडी आहे. तिच्यात आरसा आहे, अत्तराचा वास आहे, कडी लावली की आपोआप सनई सुरू होते. दसऱ्याला वडील टेम्पोला, जनरेटरला, शिलाई मशीनला झेंडूचा हार घालायचे आणि पेट्यांपाशी आले की हात आखडायचे. आई म्हणायची, "घाला, घाला. लक्ष्मी कुठल्या दारानं येती ते तिला ठाऊक."

भरलेल्या टाक्या उपसायला सक्शनची गाडी येते. भाड्यानं द्यायला आम्ही, रिकामं करायला दुसरे. त्या गाडीवरच्या माणसांचे चहाचे कप आमच्याकडं वेगळे होते, खिळ्याला टांगलेले. आमच्या हिनं लग्न होऊन आल्यावर ते कप उचलून फेकून दिले. वडील बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की आमच्या घरात डोळे उघडे ठेवून बघणारं माणूस कोण, हे आधीच कळावं. ते मी नव्हे.

वडिलांचा या धंद्यातला एकच नियम होता, आणि तो मी इमानानं पाळत आलो: पेटीचं दार मांडवाकडं. आलेल्या पाहुण्याला 'कुठं आहे' असं विचारायची वेळ आली की आपण नापास. पेटी लांबून दिसली पाहिजे, दार समोर पाहिजे. या नियमावर आम्ही नाव कमावलं.

आता आत्या. वडिलांची धाकटी बहीण, दिलेली लोहगडवाडीत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गडाच्या पायऱ्या सुरू होतात त्याच्या जरा अलीकडं तिचा ठेला आहे. चार वासे, वर ताडपत्री, एक चूल, दोन बाकडी. पिठलं-भाकरी, कांदाभजी, भाजलेलं कणीस, ताक. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गडावर इतकी माणसं येतात की खालून बघितलं तर गडच हलतोय असं वाटतं. त्या दोन दिवसांत तिची चूल विझत नाही. तिच्या हातची भाकरी मोठी, पातळ आणि कडेपर्यंत सारखी. ती तव्यावर पडली की गिऱ्हाईक मोबाईल बाहेर काढतं.

आत्याचा शनिवार आमच्या घराण्यात प्रसिद्ध होता. शनिवारी सकाळी कुणीही तिला चहा विचारला की ती म्हणायची, "नगं, माजा शनवार हाय." चहा नाही, पाणी नाही, थेंब नाही. निर्जळी. दिवसभर जाळापुढं बसून लोकांना ताक वाढणार आणि स्वतः कोरडी. रविवारीही तेच. शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा, त्यामुळं आम्हाला त्यात काही खटकलं नाही. उलट मी तिचं कौतुक चारचौघांत करायचो. आमच्या घरात भक्ती अशी तिच्याकडंच होती. मला एकादशीला साबुदाण्याची दुसरी ताटली लागते.

एकदा मे महिन्यात पुतण्याचं लग्न होतं, शनिवारचं. आत्या आली, मांडवात बसली, कोकम सरबताचे दोन ग्लास प्यायली आणि वर तांब्याभर पाणी.

आमची ही तिच्या शेजारी बसली होती. म्हणाली, "आत्या, आज शनिवार आहे ना?"

"आज कसला शनवार गं. आज लगीन हाय."

सगळे हसले. मीही हसलो. ही हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "निर्जळीवाली बाई सरबत कशी प्यायली?"

"लग्नात उपास सोडायची मुभा असते."

"कुठल्या शास्त्रात?"

"आमच्या."

ती गप्प बसली. आमच्या शास्त्रापुढं ती बरेचदा गप्प बसते, पण त्याचा अर्थ तिला पटलंय असा नसतो. पुढं पंधरा ऑगस्ट आला, आठवड्याच्या मधोमध. दुपारी तिनं सहज आत्याला फोन लावला. मागं गलका ऐकू येत होता. आत्या घाईत म्हणाली, "मंग बोलू बाई, आज शनवार हाय, घसा वाळलाय," आणि फोन ठेवला. ही कितीतरी वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. तुमच्या आत्याचा शनिवार आज बुधवारी आलाय."

मी म्हटलं, वय झालं, वारांचा घोळ होतो.

गणपती उठले आणि आत्या पडली. थंडी वाजून ताप, पाठीत कळा. शेजारच्या ठेल्यावरचे आबा तिला जीपमध्ये घालून खाली घेऊन आले. आम्ही तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला शांत. तिनं तपासण्या केल्या आणि आम्हाला बसवून विचारलं, "या दिवसभरात पाणी किती पितात?"

मी अभिमानानं सांगितलं, "बाकी दिवस नीट पितात. शनिवार-रविवार निर्जळी असते त्यांची. कडक."

डॉक्टरीण माझ्याकडं बघत राहिली. आमच्या हिनं खुर्ची सरकवून कॉटजवळ घेतली आणि आत्याचा हात धरला.

"आत्या, खरं सांगा. शनिवार म्हणजे काय?"

आत्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, मग भिंतीकडं तोंड केलं.

"कुटं जायचं गं?" ती म्हणाली. "सुट्टीच्या दिशी पायरीपासनं खाली रस्त्यापातूर मानूस. झुडपामागं बसावं तर पल्याडनं कोनतरी छत्री घिऊन यतंय. मागल्या साली ती पोरं भिरभिरं उडवत हुती, वरनं फोटू काढनारं. तवापासनं झुडूप बी आपलं न्हाई ऱ्हायलं."

"वाडीत घरी आहे ना बांधलेला?"

"हाय की. पावसाळ्यात खड्ड्याला पानी उपाळतं, समदं वर येतं. आनि ठेला कुनाच्या भरवशावर टाकून जायचं? जाऊन येस्तवर गिऱ्हाईक फुडच्या ठेल्यावर." तिनं पांघरूण वर ओढलं. "मंग पानीच प्यायचं न्हाई. आमी समद्या बायका तसंच करतो. सकाळच्याला एकमेकीला सांगतो, आज शनवार हाय गं. म्हंजी आज पानी न्हाई. गडी मानसांना वाटतंय देवाचं हाय. वाटंना का. देवाचं म्हनलं की कोन इचारत न्हाई."

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. वर्षानुवर्षं त्या वाटेवरच्या सगळ्या बायकांचा शनिवार होता, आणि त्यांच्या घरांतले पुरुष कुठं ना कुठं बसून माझ्यासारखंच कौतुक करत असणार. आमच्यासोबत आलेले आबा दारात उभे राहून हे ऐकत होते. त्यांची बायको आत्याच्याच वयाची. ते दारातूनच वळले आणि बाहेर गेले.

डॉक्टरणीनं समजावून सांगितलं. खडे झाले होते. लघवी अडवून अडवून जंतू वर चढले होते. पाठ दुखते म्हणून आत्या मेडिकलमधून आणून ज्या गोळ्या खायची त्यांनीही घात केला होता. एक मूत्रपिंड जवळजवळ गेलं होतं. दुसरं अर्धंमुर्धं काम करत होतं. "ते टिकवता येईल," ती म्हणाली, "पण रोज भरपूर पाणी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि लागली की लगेच जायचं, अडवायची नाही. नाही जमलं तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि एकदा मशीन लागलं की ते सुटत नाही."

एवढं सोपं होतं. पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं.

मी आत्याला म्हटलं, "ठेला बंद कर. आमच्याकडं येऊन राहा."

"आनि काय करू? तुज्या खुर्च्या पुसू?" ती म्हणाली. "ठेला माजा हाय. मी कुनाच्या दारात ऱ्हायले न्हाई, आता काय ऱ्हानार."

घरी येताना गाडीत ही बाहेर बघत बसली होती. घोरावाडीचं रेल्वे फाटक लागलं तेव्हा म्हणाली, "आपल्या शेडमागं काय पडून आहे?"

"काय?"

"इतर सुविधा."

खोटं कशाला सांगू, मला ते सुचलं नव्हतं. मुंबईहून आलेल्या अनोळखी माणसाला लघवी लागेल याची काळजी मी आयुष्यभर केली होती. आत्याला ती लागत असेल असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

शेडमधली सगळ्यात चांगली पेटी मी निवडली, नवी, भारतीय पद्धतीची बैठक असलेली. टेम्पोत आडवी घालून घाट चढून वर नेली. तिथला वारा ठाऊक होता म्हणून चार बाजूंनी दोर बांधले, खाली दगड रचले. सक्शनच्या गाडीवाल्याला सोमवारी वर जायचं ठरवून दिलं, कारण रविवारी त्या रस्त्यावर सायकलसुद्धा हलत नाही. आणि पेटी ठेवली अशी, की बघणाऱ्यानं बघत राहावं. ठेल्याला लागून, रस्त्याच्या कडेला, दार समोर. वडील असते तर पाठ थोपटली असती.

ठेल्यांवरच्या बायका गोळा झाल्या. आबा पेटीभोवती फिरून आले, दार उघडून आत डोकावले.

"भाऊ, ही लिफ्ट म्हनायची काय? थेट गडावर जातीया का मधी थांबतीया?"

"आबा, आधी तुम्ही जाऊन बघा."

"मी जातो, पन वर गेल्यावर मला हाक मारा."

आत्यानं दाराला हळद-कुंकू लावलं. नवी वस्तू दारात आली की लावायचं, हे तिच्या हाताला सांगावं लागत नाही. मी पाण्याची मोठी बाटली तिच्या चुलीशेजारी ठेवली आणि डॉक्टरणीसारखा आवाज काढून म्हटलं, "ही संपली पाहिजे." ती म्हणाली, "व्हय रे बाबा."

पाऊस अजून होता, गर्दीही होती. पुढच्या रविवारी मी मुद्दाम वर गेलो. पेटीपुढं रांग लागलेली. ज्यांना पेटी हवी होती ते रांगेत उभ्या उभ्या भजी मागवत होते, आणि आत्याच्या दोन्ही बाकड्यांवर जागा नव्हती. मला इतका आनंद झाला की मी दोन प्लेट भजी खाल्ली.

"पाणी पितेस ना?"

"पिती की."

बाटली बघितली तर गळ्यापर्यंत भरलेली. मला वाटलं, नुकतीच परत भरली असेल.

असं हिवाळ्यापर्यंत चाललं. मी जायचो, बाटली बघायचो, भरलेली असायची, आणि मी समाधानानं खाली यायचो. आत्या बारीक होत होती, पाय सुजत होते. ती म्हणायची, उभं राहून सुजतात. तपासणीला न्यायचं म्हटलं की म्हणायची, एवढा सीझन जाऊ दे.

सीझन गेला आणि आम्ही तिला नेलं. डॉक्टरणीनं कागद बघितले. ती माझ्याशी बोललीच नाही. आत्याला म्हणाली, "मावशी, तुम्ही पाणी पीत नाही."

आत्या पिशवी उचलून उठली.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर हिनं विचारलं. माझ्या देखत आत्याला बोलायचं नव्हतं, पण मी उठलो नाही. शेवटी ती बोलली, लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत.

"त्यानं दार रस्त्याकडं केलंय गं. गिऱ्हाइकाच्या म्होरं मी आत जायचं, त्याच्या म्होरं भाईर यायचं, आनि त्याच हातानं भाकर थापायची? म्या साबनानं किती बी धुतलं तरी त्यानं बघितलंय न्हवं. पैल्या शनवारी गेलते मी. चांगली तांब्याभर पानी प्याले आनि गेले. भाईर आले तर एक बाई बसली हुती, समोर माज्या हातचं पिठलं. तिनं माज्याकडं बघितलं, ताट तसंच ठिवलं आनि उठली. काय बोलली बी न्हाई." तिनं काठ सोडला. "झाडामागं जायचो तवा कुनाला कळत तरी नव्हतं. ही पेटी म्हंजी दवंडी हाय."

"बाकीच्या बायका?" हिनं विचारलं.

"त्येंचं बी तसंच. कोन जाईल? समद्यांचा शनवार हाय अजून."

मी म्हटलं, "आत्या, अगं मला सांगायचं नाहीस का?"

"तू एवडा हौशीनं आनलास. कुक्कू लावलं आपन त्याला. कसं सांगायचं, सांग." ती म्हणाली. "आनि सांगून तुला कळलं असतं?"

तिनं हे रागानं विचारलं नाही. लग्नाच्या मांडवात जो पाहुणा असतो त्याची सोय मला कळते. दार त्याला समोर दिसलं पाहिजे. पण त्याच मांडवाच्या मागं, चुलवणापाशी, ज्या बायका सकाळपासून पोळ्या लाटत बसलेल्या असतात, त्या कुठं जातात हे मी कधी बघितलं नव्हतं. वडिलांनीही नाही. त्यांचाही शनिवारच असणार.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढलो. वडिलांची ती जुनी कनात एका पोत्यात होती, उंदरांनी कडेला कुरतडलेली, लाल फुलांचा विटकरी रंग झालेला. ती घेऊन वर गेलो. आबा आणि मी दोघांनी मिळून पेटी उचलली आणि ठेल्याच्या मागं, करवंदीच्या जाळीपाशी नेली, दार कातळाकडं करून. भोवती कनात बांधली. ठेल्याच्या मागच्या बाजूनं, भांडी घासायच्या जागेवरून वाट काढली, म्हणजे बाई उठली तर लोकांना वाटावं भांडी घासायला गेली. दाराला कुलूप लावलं. पर्यटकांसाठी दुसरी पेटी आणून रस्त्याला ठेवली, तिचं दार समोर.

एवढंच करायचं होतं. कनात माळ्यावर होती, दोर टेम्पोत होते. दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपलं.

आत्याचं दुसरं मूत्रपिंड मात्र पाऊस सुरू व्हायच्या आधीच गेलं.

आता आठवड्यातून दोनदा मी तिला तळेगावला मशीनवर नेतो. लोहगडवाडीतून जीपनं खाली येते, रस्त्यावर मी गाडी घेऊन उभा असतो. पलंगाशेजारी ते मशीन घुमत असतं, तिचं रक्त नळीतून बाहेर जातं आणि परत येतं. पहिल्यांदा तिनं ते बघितलं तेव्हा म्हणाली, "हे बी फिरतंच हाय की रे, तुज्या पेटीसारकं." मी हसलो, कारण तिनं मी हसावं म्हणून ते म्हटलं होतं.

आणि पाणी आता मोजून आहे. लघवी होतच नाही, त्यामुळं प्यायलेलं सगळं अंगात राहतं, पायांत उतरतं, छातीत चढतं. डॉक्टरणीनं एक लहानसा स्टीलचा पेला ठरवून दिला आहे, औषधं आणि चहा धरून दिवसाला त्याचे ठरलेले घोट. आत्या तो पेला ओच्यात घेऊन फिरते. फार तहान लागली की पदराचं टोक ओलं करून ओठांवर फिरवते. मागच्या उन्हाळ्यात मी एकदा तिला बर्फाचा खडा दिला. तिनं तो तोंडात धरला आणि डोळे मिटून इतका वेळ बसून राहिली की मला तिथं थांबवेना.

ठेला चालू आहे. भाकरी आता आबांच्या घरची सून थापते, आत्याइतकी पातळ नाही. आत्या मशीनचे दिवस सोडून बाकीचे दिवस जाऊन बसते. शनिवारी तर बसतेच. आधी मला वाटायचं, गिऱ्हाइकांसाठी. मग एका शनिवारी मी तिथं दुपारभर थांबलो आणि मला दिसलं.

कनातीतल्या पेटीची किल्ली तिच्या कमरेला असते. वरच्या ठेल्यांवरच्या बायका एकेक करून मागच्या बाजूनं येतात, लिंबू-सरबतवाली, कणसंवाली, टोप्या विकणारी. प्रत्येकीच्या हातात धुवायचं म्हणून एखादं भांडं. आत्या शेजारचा तांब्या उचलते.

"आदी पी."

"प्याले की मावशी, मगाशीच."

"माज्या म्होरं पी."

बाई पिते. आत्या तिच्या घशाकडं बघत राहते, एकटक, जणू घोट स्वतःच्याच घशातून उतरतोय. घसा हलायचा थांबला की मग कमरेची किल्ली सोडून देते. न पिता किल्ली मिळत नाही. एकदा एका नव्या पोरीनं तोंडात पाणी धरून मागं जाऊन थुंकलं, तर आत्यानं तिला हाका मारून परत बोलावलं आणि दुसरा तांब्या पाजला. "मला नगं शिकवू," ती तिला म्हणाली, "ह्या इद्येत मी तुजी आजी हाय."

मी थांबलो त्या शनिवारी ऊन-पाऊस चालला होता, उकडत होतं. टोप्या विकणारी पाणी प्यायली, मागं जाऊन आली, तिनं किल्ली परत दिली. मग तांब्यात उरलेलं पाणी बघून तो आत्यापुढं धरला. ती त्या वाटेवर नवीन होती, तिला काही ठाऊक नव्हतं.

"मावशी, तुमी बी घ्या की. सकाळधरनं बघतीया, तुमी थेंब बी घेतला न्हाई."

आत्यानं तांब्या घेतला. क्षणभर हातात धरला, त्याचा थंडपणा बघितल्यासारखा. मग झाकण ठेवून खाली ठेवला.

"नगं," ती म्हणाली. "माजा शनवार हाय."